तीन टोले, मग एक

रघूने जीपचं इंजिन बंद केलं तेव्हा सात वाजून पाच मिनिटं झाली होती.

"बंद कशाला केलंस?" कमळबाई म्हणाल्या.

"पुढं ट्रेलर आडवा हाय बाई. डिझेल काय नदीत गावतं का?"

"कधी निघेल?"

"ते ट्रेलरला इचारा."

शेलार गाव मागे पडल्यापासून जीप बैलगाडीच्या वेगाने चालली होती. काचेबाहेर काही दिसत नव्हतं. पुढच्या ट्रकचा मागचा लाल दिवा तेवढा धुक्यात लोंबत होता. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे भाई, आगे कुछ दिखता है क्या?" पुढून उत्तर आलं, "दिखता तो मैं यहाँ खड़ा रहता क्या?" जीपमधले दोघेतिघे हसले. कमळबाई हसल्या नाहीत. त्यांनी पदराखालचं घड्याळ पुन्हा पाहिलं. सात वाजून सहा मिनिटं.

डिसेंबर २००७ मधला शनिवार होता. शनिवारी सकाळची शाळा, साडेसातला. बाकीच्या दिवशी शाळा अकराला भरे आणि तोपर्यंत धुकं विरून जाई, त्यामुळे हिवाळ्याची खरी परीक्षा शनिवारी असे. कमळ मढवी कोन गावात राहत. शनिवारी पहाटे पाचला उठून भिवंडी, तिथून ही जीप, दिघाशीच्या पुढे डांबरी रस्ता संपला की वीस मिनिटं चालत. हे त्यांचं अकरावं वर्ष होतं.

शाळा एकशिक्षकी. एका शेतकऱ्याने दान दिलेली जमीन नदीच्या अलीकडे होती म्हणून शाळा अलीकडे बांधली गेली. मुलांची घरं मात्र सगळी पलीकडच्या पाड्यात. मधे बंधारा. पावसाळ्यानंतर बंधाऱ्याला फळ्या टाकल्या की एका अंगाला दोन पुरुष पाणी चढायचं, आणि दुसऱ्या अंगाला खडक. वरून चालायला दीड हात रुंद सिमेंटची पट्टी, सकाळी दवाने ओली. मुलं त्यावरून शाळेत येत.

बाईंच्या दुसऱ्या हिवाळ्यात एक मुलगी धुक्यात पट्टीवरून पाण्यात गेली होती. भांडी घासायला बसलेल्या तिच्या आजीने, आक्काने, तिला केसांना धरून वर ओढलं. मुलगी वाचली. आक्का शाळेत येऊन फक्त एवढंच म्हणाली, "बाई, माजा हात पोचला म्हून. रोज कोन बसनार हाय तितं?"

त्या आठवड्यात बाईंनी शेलारच्या भंगारवाल्याकडून मोडक्या यंत्रमागाचं, लूमचं, एक दातेरी चाक आणून शाळेच्या ओसरीला घंटा म्हणून टांगलं. नियम केला. धुकं असेल तेव्हा घंटा ऐकल्याशिवाय कुणी बंधाऱ्यावर पाय ठेवायचा नाही. घंटा अशी: तीन टोले, मनात पाच आकडे, मग एक टोला. पलीकडून मुलांनी "ओ बाई" म्हणायचं. ते ऐकल्यावर बाई खाली जाऊन बंधाऱ्याच्या तोंडाशी उभ्या राहणार आणि एकेकाचं नाव घेणार. ज्याचं नाव येईल त्याने निघायचं. तो पोचल्याशिवाय पुढचं नाव नाही. नऊ हिवाळे हे असंच चाललं होतं.

सव्वासातला बाई जीपमधून उतरल्या.

"कुठं चालल्या? दहा किलोमीटर हाय!" रघू म्हणाला.

"बसून कमी होणार आहेत का?"

"पोरं काय पळून जातात? शनवारची शाळा. जरा उशिरानं भरंल."

ट्रेलरच्या चाकाला वळसा घालून बाई पलीकडे गेल्या. पलीकडचा रस्ता मोकळा होता, पण येणारं काही नव्हतं. त्या चालत राहिल्या. चालता चालता मुलं मोजू लागल्या. दिवाळीनंतर बरीच घरं वीटभट्टीवर गेली होती. पटावर एकोणीस, पाड्यात उरलेली अकरा. त्यात पहिलीतला मोरू. मोरूला थांबणं माहीत नव्हतं. प्रार्थनेतसुद्धा तो एका पायावर असे.

पंधरा-वीस मिनिटांनी मागून मोटरसायकल आली. दुधाच्या कॅनांचा आवाज ओळखीचा होता. नामा दूधवाला भिवंडीत रतीब घालून परत निघाला होता.

"बाई? तुमी पायी?"

"नामा, शाळेपर्यंत सोड."

"कॅन हायेत दोन्हीकडं. बसाल कशा?"

"बसते."

त्या बसल्या. कॅनची कड मांडीला टोचत होती. नामा सावकाश चालवत होता.

"जरा पळव ना."

"बाई, रस्ता दिसला तर पळवीन. मला बी घरी पोरं हायेत."

बाईंनी कॅनची कड धरून ठेवली. शेवटच्या वळणावर त्याने गाडी थांबवली. पुढे पायवाट होती. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. इंजिन बंद झालं आणि बाईंना आवाज ऐकू आला.

घंटा वाजत होती.

एकामागून एक, न थांबता, आग लागल्यासारखी कुणीतरी बडवत होतं.

"आली वाटतं दुसरी बाई," नामा म्हणाला.

दुसरी बाई नव्हतीच. कमळबाई पळत सुटल्या. शाळा डाव्या हाताला राहिली. तिकडे न वळता त्या सरळ उतारावरून बंधाऱ्याकडे गेल्या. पिशवी कुठे पडली ते त्यांना कळलं नाही.

"मोरू! रूपा!"

घंटेच्या आवाजात त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू येईना. उत्तर आलं असतं तरी ते बुडालं असतं. त्यांनी चपला काढल्या आणि पट्टीवर पाय ठेवला. अकरा वर्षांत धुक्यात त्या स्वतः कधी पलीकडे गेल्या नव्हत्या. मुलं त्यांच्याकडे येत. पाऊल दिसत नव्हतं. उजवीकडे पाणी गप्प होतं, डावीकडे खडकावर ठिबकत होतं. त्या गप्प बाजूकडे बघत चालल्या. पाण्यावर काही तरंगतंय का, हे बघत होत्या.

पलीकडच्या टोकाला पेंढ्याचा धूर आला. मग माणसांचे आकार. अकरा मुलं एका शेकोटीभोवती उकिडवी बसली होती. चौथीतली रूपा उभी होती. तिच्या मुठीत मोरूच्या सदऱ्याची कॉलर होती आणि मोरू सुटायला बघत होता.

बाईंनी दोनदा मोजलं. अकरा.

"बाई, कोन हाय तो?" रूपा म्हणाली. "येड्यावानी वाजवतोय."

"तुम्ही निघाला का नाहीत?"

"ती तुमची घंटा न्हाय."

"शाळेचीच आहे ती."

"शालंची हाय. तुमची न्हाय. मधी थांबत न्हाय तो." मग तिने मोरूला हलवलं. "ह्यो निघालेला. दोन पावलं गेलेला. मी वडला तर बटनं तुटली. ह्याची आय मला शिव्या घालंल."

"हिनं मला पाडला!" मोरू म्हणाला.

बाईंनी मोरूचा सदरा खाली ओढून नीट केला. मुलांना हाताला धरून नेता आलं असतं. पण आज असं नेलं तर पुढच्या शनिवारी नियमाला अर्थ राहिला नसता. त्या म्हणाल्या, "इथेच बसा. मी जाते आणि घंटा देते."

त्या एकट्या परत गेल्या.

ओसरीवर स्वेटर घातलेले एक गृहस्थ हातोडी घेऊन उभे होते. कपाळावर घाम होता. तालुक्याहून नव्याने आलेले शिक्षण विस्तार अधिकारी. शाळांना अचानक भेटी द्यायच्या म्हणून ते रात्री दिघाशीलाच मुक्कामाला राहिले होते.

"मॅडम, घड्याळ बघा."

"बघितलं साहेब. हातोडी द्या."

"पाऊण तास मी घंटा देतोय. हात भरून आला. एक पोरगं फिरकलं नाही. ही शिस्त?"

"हातोडी द्या साहेब."

आवाजात काहीतरी असावं. त्यांनी हातोडी दिली. बाईंनी तीन टोले दिले, थांबल्या, मग एक. धुक्याच्या पलीकडून लगेच, सगळ्यांचा मिळून, आवाज आला: "ओ बाई!"

साहेब बाईंच्या मागोमाग बंधाऱ्यापर्यंत आले आणि अकरा नावं होईपर्यंत तिथे उभे राहिले. शेवटी रूपा आली, अनवाणी, हातात दोन बटणं.

वर्गात शेरेबही उघडून साहेबांनी पेन काढलं.

"मॅडम, मी जे पाहिलं ते लिहावं लागतं. तुमचा विनंती बदलीचा अर्ज आहे ना? कोनसाठी?"

"चार वर्षं आहे."

"शेरा फाइलला लागेल."

"जे पाहिलं ते लिहा साहेब. गाळू नका काही."

साहेबांनी लिहिलं: 'शिक्षिका ४५ मिनिटे उशिरा. तोपर्यंत वारंवार घंटा देऊनही एकही विद्यार्थी उपस्थित झाला नाही.' बाईंनी वाचलं. दुसऱ्या वाक्यावर त्या जरा रेंगाळल्या. मग खाली सही केली. खुलाशासाठी जागा होती, ती रिकामी ठेवली.

शेरा कुठे अडला, की कुणी बाजूला ठेवला, ते कळलं नाही. जूनमध्ये बदलीचा आदेश आला. चार्ज घ्यायला मनोज चौधरी नावाचे तरुण शिक्षक आले. कपाटाच्या किल्ल्या, पटपुस्तक, तांदळाची कोठी असं सगळं ताब्यात देऊन झाल्यावर बाईंनी त्यांना ओसरीवर नेऊन घंटा दाखवली.

"तीन टोले. मग मनात पाच. मग एक."

"मॅडम, बाहेर ऊन बघा किती आहे," मनोजसर हसून म्हणाले. "लिहून ठेवतो हं." त्यांनी लिहून घेतलं. कशावर, ते बाईंनी पाहून ठेवलं: एसटीच्या तिकिटाच्या मागे.

कोनची शाळा घरापासून दहा मिनिटांवर. नऊ शिक्षक, विजेची घंटा. पहिला हिवाळा आला तसं शनिवारी पहाटे पाचला बाईंना आपोआप जाग येई. उठून त्या खिडकीशी जात, बाहेर किती दिसतंय ते बघत आणि पुन्हा अंथरुणावर येऊन नुसत्या पडून राहत.

डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी कोनमध्येही धुकं उतरलं. शिक्षकांच्या खोलीत चहा आला आणि गप्पा हिवाळ्यावर गेल्या. एका गुरुजींनी धुक्यात स्कूटर म्हशीवर घातल्याचं सांगितलं. म्हैस उठलीच नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

"कमळताई, तुमची नोकरी तर सगळी आतल्या भागात गेली," रुचिका मॅडम म्हणाल्या. "तिकडे तर बर्फच पडत असेल!"

सगळे हसले.

"सांगा ना एखादी आठवण."

"काही नाही गं," बाई म्हणाल्या. "गाडी उशिरा यायची."

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. अनोळखी नंबर होता. त्या बाहेर व्हरांड्यात आल्या.

"मॅडम, मनोज चौधरी बोलतोय. इथे फार धुकं आहे. मी वीस मिनिटं घंटा देतोय, पोरं येत नाहीत हो. पलीकडे बसलीयत, शेकोटीचा वास येतोय. ते तिकीट हरवलं माझ्याकडून."

"तुम्ही आत्ता देता कशी? द्या. मी ऐकते."

फोनमध्ये टोले आले. पाच, मग दोन, मग पुन्हा तीन.

"असं नाही. तीन द्या. मग थांबा. मनात पाच म्हणा, सावकाश. मग एक. आणि सर, आवाज आला की फोन ठेवून खाली बंधाऱ्यावर जायचं. एकेक नाव. एक पोचला की मग दुसरा. मोरूचं नाव पहिलं घ्या, त्याला दम नसतो."

"बरं मॅडम."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. मग लूमच्या चाकाचा आवाज, तीन वेळा. बाईंनी कठड्यावर बोट ठेवलं आणि पाच मोजले. एक.

काहीच आलं नाही. व्हरांड्यापलीकडे कल्याणच्या रस्त्यावर ट्रक रांगेत उभे होते आणि हॉर्न देत होते. बाईंनी दुसऱ्या कानावर तळहात दाबून धरला.

मग अगदी बारीक, दुरून आलं: "ओ बाई!"

"आली!" मनोजसर ओरडले. "मॅडम, आली!" पावलं धावत गेली. फोन बंद करायचं त्यांना सुचलं नसावं. बाई ऐकत राहिल्या. बराच वेळ काही नव्हतं. मग खालून एक नाव ऐकू आलं, पुरुषी आवाजात, आणि तिथेच लाइन तुटली.

कोनच्या शाळेची घंटा वाजली, विजेची, सलग. रुचिका मॅडम दारातून म्हणाल्या, "ताई, तास."

"आले," कमळबाई म्हणाल्या. पण त्या आणखी थोडा वेळ तिथेच, कठड्याला हात लावून, उभ्या राहिल्या. ओठ हलत होते. एक नाव झालं की त्या थांबत होत्या, एक मूल दीड हाताची पट्टी ओलांडून येईल एवढा वेळ, आणि मग पुढचं नाव घेत होत्या.