बिनसरकारी बद्रीनाथ

बद्रीनाथचं सरकारशी वाकडं होतं, आणि ते त्यानं कधी लपवलंही नाही. शेंद्र्याच्या बाजूला कारखान्यांसाठी त्याची जमीन गेली, तेव्हापासून त्याचा एकच धोशा: नकाशावर रेघ मारणाऱ्याला आमच्या जगण्यातलं काय डोंबल कळतं? गावाचं गावानं बघावं, ज्याचं त्यानं बघावं, वर साहेब नको. लोक त्याला 'बिनसरकारी बद्रीनाथ' म्हणत. पण त्याच्याच हट्टापायी गावानं एक रीत धरली होती. बैठकीत एकानं जरी हात वर करून 'नाय' म्हटलं, तरी ठराव मोडला. वीस वर्षं ही रीत चालली होती.

उरलेल्या तुकड्यावर त्यानं आठ खोल्या बांधल्या. त्यातल्या एकीत मुनीब राहायचा. बिहारमधल्या कटिहारचा वेल्डर, बायको गौहर आणि पहिलीतली पोर जन्नत. चार वर्षांत कुणाशी तंटा नाही की बखेडा नाही. अशात मार्चमध्ये तिघांच्या विहिरींवरच्या मोटारी चोरीला गेल्या आणि गावाला बसल्या जागी चोर सापडला. चोर म्हणजे बाहेरचा. कोणता बाहेरचा? ते कुणी विचारायचं नाही!

बैठकीत सरपंच शिवराजनं विषय काढला. "बाहेरच्या राज्यातल्याला खोली द्यायची नाय. जे हायेत त्यांनी महिनाअखेर निघायचं."

बद्रीनाथ ताडकन उठला. "का म्हणून? खोली माझी. राहणारा राजी, मी राजी, मधात तुम्ही कोण? अरे, वैजापूरचा कांदा पार देशाबाहेर जातो, त्याला कुणी इचारतं का, तू कुठला म्हणून?"

"कांद्यालाबी बंदी घालत्यात की, आण्णा," मागून कुणीतरी बोललं. सगळे हसले.

"आरं, तेच तर बोंबलायलो मी!" बद्रीनाथनं हात वर केला. "माझा नकार हाय. लिहून घ्या."

ठराव मोडला. शिवराजचं तोंड एवढंसं झालं, पण रीत म्हणजे रीत. घरी येऊन बद्रीनाथनं मुनीबला सांगितलं, "निवांत राहा. कुणाच्या बापाला भ्यायचं नाय."

आणि मग आठच दिवसांत सुरू झालं. पाण्याचे जार टाकणारी गाडी मुनीबच्या दारात थांबेना. पोरांना शाळेत नेणारा रिक्षावाला म्हणाला, जागा नाही. अन् एक दिवस किराणावाल्या गयासनं गौहरला दुकानातून पीठ न देता परत पाठवलं. हे मात्र बद्रीनाथला फार लागलं. गयास त्याचा शाळेपासूनचा दोस्त. जमिनीच्या मोर्चात दोघांनी सोबत लाठ्या खाल्लेल्या.

"गयास, लाज वाटती का? लेकराच्या आईला पीठ नाय म्हणतो?"

गयासनं मान वर केली नाही. "बद्रीभाऊ, ठराव झाला का? नाय. पोलीस आला का? नाय. दुकान माझं, माल माझा. तूच म्हणतो ना, ज्याचं त्यानं बघावं म्हणून?" मग आवाज उतरवून म्हणाला, "यार, गिऱ्हाईक तुटायलं माझं. उद्या मलाच बाहेरचा म्हणतील."

बद्रीनाथच्या अंगाचा तिळपापड झाला. पण वीस वर्षं गावाच्या कानीकपाळी जे ओरडला, तेच गयासनं त्याच्या पदरात टाकलं होतं. साहेब असता तर कचेरीसमोर जाऊन बसला असता, शिव्या घातल्या असत्या. इथं कुणाकुणाच्या दारात बसायचं?

"ठाण्यात तक्रार तरी करा," बायको चतुराबाई म्हणाली. तो ठाण्याच्या फाटकापर्यंत गेला आणि चरफडत परत आला. पोलीस आधी मुनीबचेच कागद मागतील, हे काय त्याला माहीत नव्हतं?

मग पंधरा दिवस तोच स्कूटरवर जार आणू लागला, पीठ आणू लागला, जन्नतला शाळेत सोडू लागला. गावाला दाखवूनच देतो म्हणाला.

रविवारी सकाळी खोलीसमोर टेम्पो उभा. मुनीबनं तिकडं शहरात, गारखेड्यात ओळखीच्याकडं खोली बघितली होती. कामावर यायला रोज दोन तास जाणार होते, तरी.

बद्रीनाथ पळतच आला आणि दारात उभा राहिला, दोन्ही हात चौकटीला लावून. "तू जायचं नाय! तू गेला की ते जिंकले. अजून सहा महिने दम धर, मी हाय ना!"

मुनीबच्या खांद्यावर गॅसची टाकी होती. चार वर्षांत तो मराठी चांगली शिकला होता.

"आण्णा, जन्नत वर्गात एकटी बसती. तिला काय सांगू? आण्णांना जिंकायचंय म्हणून बस?"

"अरे, पण चूक त्यांची हाय!"

"व्हय. त्यांनी राहू दिलं नाय." मुनीबनं टाकी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "आता तुम्ही जाऊ देत नाय."

बद्रीनाथला रागानं रडू आलं, आणि राग नेमका कुणाचा तेही कळेना. चौकटीवरचे हात काढायला त्याला वेळ लागला. तोवर जन्नत दप्तर घेऊन त्याच्या हाताखालून वाकून बाहेर निघून गेली होती.