रुग्ण क्रमांक सतरा

वजनकाट्यावर उभ्या असलेल्या गुंताबाईने गळ्यातली चांदीची जाड हासळी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. ती काढ म्हणून सांगून कोकिळा सिस्टर थकली होती. शेवटी डॉ. हेमलता स्वतः टेबलामागून उठल्या.

सातपुड्याच्या पाड्यांवरचा क्षयाचा रुग्ण धुळ्याच्या या रुग्णालयात आला, की त्याला हेमलताबाईंकडे पाठवायची रीतच पडली होती. कारण त्यांचा तो पेपर. औषधशास्त्रात अठरा वर्षं घालवून त्यांनी तेवीस पेपर लिहिले. त्यातले बावीस त्यांच्या नवऱ्यानेही वाचले नसतील. पण सहा वर्षांपूर्वी छापलेला एक मात्र जगभर गेला. पाड्यावरच्या चाळीस क्षयरोगी बायकांचा अभ्यास होता तो. वजनाप्रमाणे ठरलेल्या नेहमीच्या गोळ्यांनीही त्यातल्या अकरा जणींचं यकृत बिघडलं, एक दगावली. या लोकांच्या रक्तातच काही वेगळं असावं, औषध त्यांना जड जातं, असा निष्कर्ष निघाला. आजवर तीनशे एक्केचाळीस संशोधकांनी आपल्या लेखनात त्या पेपरचा आधार घेतला होता. मोठ्या शहरांतल्या कॉलेजांच्या नाकावर टिच्चून मिळवलेलं हे नाव. सोमवारी मुंबईला प्राध्यापकपदाची मुलाखत होती आणि फाइलीत तो आकडा ठळक अक्षरांत छापलेला होता.

दगावली ती गुंताबाईची मुलगी, गेंदा. आता आईलाही क्षय झाला होता.

गोळ्या वजनावर ठरतात, चांदीचं वजन त्यात धरून चालत नाही, असं हेमलताबाईंनी समजावलं. गुंताबाईला ते पटेना. नवरा धडधाकट असताना अंगावरची चांदी उतरवायची म्हणजे काय? मागे पाड्यावर बाईंचंच शिबिर झालं तेव्हा कोणी असला हट्ट धरला नव्हता, असंही तिने सुनावलं.

"मनी गेंदा बी अशीच चढनी व्हती काटावर," ती म्हणाली. "नवी नवरी व्हती. बठ्ठी चांदी आंगवर व्हती."

किती, असं हेमलताबाईंनी विचारलं. सासरच्यांनी पंचांसमोर तोलून घातलेली चांदी, त्यामुळे गुंताबाईला ती पक्की ठाऊक होती: हासळी, कडी, वाळे, कमरेची साखळी मिळून साडेतीन किलो. आणि बाकीच्या बायका? त्याही तशाच चढल्या. कोण उतरवेल?

पेपरातला तक्ता हेमलताबाईंना तोंडपाठ होता. रुग्ण क्रमांक सतरा म्हणजे गेंदा, वय एकवीस, वजन सदतीस किलो. पस्तीसच्या वर असेल तर रोज तीन गोळ्या, खाली असेल तर दोन. सदतीसमधून त्यांनी साडेतीन वजा केले, मग पुन्हा एकदा केले. चौथीतल्या पोराला जमेल अशी वजाबाकी, पण इतक्या वर्षांत ती सुचली नव्हती. वजनं घेणारे सहायक पुरुष होते, दागिने काढा म्हणायला लाजले असतील. पण त्या स्वतः तिथे उभ्या होत्या. चांदीचं कौतुक करत त्यांनी बायकांचे फोटोही काढले होते.

त्यांना फार वाईट वाटलं. खरं सांगायचं तर त्याच्याही आधी भीती वाटली. गप्प बसलं तर कोणाला कळणार होतं? मुलगी गमावलेली बाईसुद्धा त्यांचीच बाजू घेत होती.

"आमनं रगतच तसं शे, बाई," गुंताबाई म्हणत होती. "तुमीनच सांगेल शे. कोनाबी दोस नही."

एवढ्या एका वाक्यावर ती इतकी वर्षं जगत आली होती. हेमलताबाईंनी तिला हाताला धरून काट्यावरून उतरवलं, बाकावर बसवलं आणि कोकिळाला दार लोटून घ्यायला सांगितलं.

"अक्का, रक्तात काही नव्हतं," त्या म्हणाल्या. "आम्ही चांदीसकट वजन केलं. गेंदाला रोज एक गोळी जास्त गेली. चूक माझी आहे. मी तसं लिहून छापायला देणार आहे."

मग त्यांनी शिव्या ऐकायची तयारी केली. गुंताबाई चिडली नाही, रडलीही नाही. ती बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली.

"तिसरी गोळी ती नको म्हने, बाई," ती म्हणाली. "रोज थुकी दे. मीच दपटीसन तिना तोंडमा घालू."