तारेवरचं ओलं पोतं

“तारेजवळ कोणी येऊ नका. तिच्यावरून टांग तं टाकूच नका.”

रूपराव हे चौथ्यांदा सांगत होते. नाल्याच्या काठावर अर्धं गाव जमलं होतं आणि खाली माझा ट्रक मागच्या चाकांनी आसापर्यंत काळ्या चिखलात रुतला होता. आष्टीकडच्या टेकड्यांवर दुपारपासून आभाळ काळंठिक्कर झालं होतं. तिकडे पडला की तासाभरात इकडे लोंढा येतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ट्रक एकच होता. मागच्या फळीवर आईचं नाव रंगवलेलं, मनकर्णा. आठ वर्षं दुसऱ्याच्या गाड्या हाकून मी तो उभा केला होता. तो गेला असता तर मी, बंडूजी, पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर.

एरवी गावातल्या सहा जोड्या जुंपून आम्ही तो केव्हाच ओढला असता. पण एक्याऐंशी सालच्या पोळ्याचा तो आदला दिवस, खांदमळणीचा. बैल धुऊन झाले होते, बहुतेक घरी लोणी-हळदीने त्यांचे खांदे शेकूनही झाले होते. त्या खांद्यावर पुन्हा जू ठेवणारा माणूस आमच्या गावात अजून जन्माला यायचाय. मीही ठेवलं नसतं. म्हणून तळेगावच्या एका गॅरेजातल्या रूपरावांना बोलावणं गेलं.

पन्नाशीचा, किडकिडीत माणूस. खाकी सदऱ्याचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं. गॅरेजच्या मालकाचा, लष्कराच्या लिलावातला जुना ट्रक ते चालवायचे. त्याच्या पुढच्या बाजूला विंच होता, म्हणजे इंजिनावर फिरणारी आणि लोखंडी तार गुंडाळून घेणारी चरखी. रुतलेली गाडी तिने ओढायची. काम पाच मिनिटांचं, पण रूपराव त्याला तास लावत. लोक त्यांची टिंगल करत, “रूपराव तारेले गोधडी पांघरवते.”

त्या दिवशी त्यांनी आधी हातात चिंधी घेऊन सगळी तार पुसत नेली. दोन ठिकाणी चिंधी अडकली. तिथले बारीक धागे तुटून काट्यांसारखे वर आले होते.

“मालकाले तीन खेप सांगतलं, तार बदला म्हणून,” ते स्वतःशीच बोलले. मग मला म्हणाले, “एकेरी ओढली तं तुटन. कप्पीतून दुहेरी घेतो. जोर कमी पडते तिच्यावर. टाइम लागन.”

“टाइमच तं नाई ना, रूपरावजी! आभाळ पाहा.”

“पाह्यलं.”

त्यांनी माझ्या ट्रकच्या हुकाला कप्पी लावली, आपल्या गाडीचं बोनेट काचेपुढे ढालीसारखं उघडून उभं केलं आणि मला माझ्या केबिनमध्ये चढू दिलं नाही. मी म्हणालो, ब्रेकवर बसतो. नाही म्हणाले. मी म्हणालो, गाडी माझी आहे. तरी नाही म्हणाले. मग एक गोणपाटाचं पोतं नाल्यात बुचकळून त्यांनी तारेवर पसरलं.

“हे कायले?” मी विचारलं.

“तुटली तं पोत्याच्या वजनानं खाली पडन. नाई तं उडते.”

“असं कोणावर उडालं?”

“हरिदास माझा जोडीदार होता,” ते म्हणाले. “तार तुटली तवा तो हसून राह्यला होता.”

पण खरं सांगतो, आमचा विश्वास बसला नव्हता. आम्ही मोटेच्या नाड्यावर वाढलेली माणसं. नाडा तुटला की ओढणारा बुडावर आपटतो आणि बघणारे आठ दिवस हसतात. दोर तुटणं म्हणजे आमच्या लेखी गंमत. तारही आम्हाला नाड्याची बहीणच वाटत होती.

चरखी फिरू लागली. तार चिखलातून वर आली, ताठ झाली, आणि तिच्यातून बारीक गुणगुण ऐकू येऊ लागली. पोत्यातून पाणी टपटपत होतं. ट्रक हातभर वर सरकला, मग दोन हात. काठ आता बैलगाडीच्या लांबीइतका उरला होता. टेकड्यांकडून गार वारा आला, त्याला ओल्या मातीचा वास होता. मी मनात म्हटलं, आता दहा मिनिटं दे, देवा.

तेवढ्यात तारेतून आवाज आला, टिक्. बोट मोडल्यासारखा. मी रूपरावांकडे पाहिलं. ते तारेकडे पाहत नव्हते.

शेताच्या बाजूने माझी आई येत होती. हातात लोणी-हळदीची वाटी आणि पळसाचं पान. आमच्या गोठ्यातली जोडी उरकून ती उरलेली हळद घेऊन सरळ तारेपाशी गेली.

“बैलाचं काम करून राह्यली बिचारी,” ती म्हणाली. “इचाबी खांदा दुखत असन.”

आणि तिने पान तारेला लावलं.

मी हसलो. देवाशपथ, मला कौतुक वाटलं. पुन्हा टिक् झालं. रूपराव ओरडले नाहीत. त्यांनी फक्त दांडा ओढला आणि चरखी मोकळी सोडली. तार आईच्या पायापुढे चिखलात मेल्या सापासारखी पडली. माझा ट्रक आला त्या वाटेने मागे घसरत गेला, नाल्यात आडवा झाला आणि एका अंगावर कलला.

रूपरावांनी आईला हाताला धरून दूर नेलं. मग कप्पीतून तार ओढून घेऊन ती गुंडाळली. ती गुंडाळून होते न होते तोच लोंढा आला. आधी आवाज आला, मग पाणी. ‘मनकर्णा’ ही अक्षरं काही वेळ दिसत होती, मग दिसेनाशी झाली.

मी त्यांची गचांडी धरली. “एका शब्दानं हटली असती माय माही! मले ब्रेकवर बसू देल्लं असतं तं गाडी राह्यली असती!”

“माय ऐकून हटेस्तोवर तार थांबली नसती, भाऊ. अन् तार बोलली होती.”

“तार बोलते का? येडा झाला तू!”

त्यापुढे जे बोललो ते लिहीत नाही. वयाने बापासारख्या माणसाला मी अरे-तुरे केलं आणि ऐन पोळ्याच्या दिवशी गॅरेजात जाऊन त्यांच्या मालकाला सांगून आलो, हा म्हातारा भित्रा आहे, याला काढा. मालकाला नव्या तारेपेक्षा नवा माणूस स्वस्त. त्याने काढलं.

पंधरा दिवसांनी पाणी ओसरलं. ट्रक पन्नास पावलांवर गाळात सापडला. गाळ उपसून, लोकांनी हात लावून आम्ही तो चाकांवर उभा केला. ओढायला तोच विंच आला, तीच तार, माणूस नवा. हिरालाल नाव. पोतं नाही, कप्पी नाही, बोनेट बंद.

“बुढ्याचे नखरे होते ते सारे,” तो म्हणाला. “तू बस केबिनीत, स्टेरिंग धर.”

मी चढून बसलो. आई काठावर उभी होती.

“बाबू, खाली उतर. रूपराव नाई म्हणत होते ना?”

“तू चूप राह्य, माय.”

“उतर म्हणते ना मी.”

चारचौघांत आईशी भांडण नको, म्हणून चिडून उतरलो आणि तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. तिसऱ्या ओढीला तार तुटली. तुटताना मला ती दिसलीच नाही. काच फुटल्याचं ऐकू आलं. जाऊन पाहतो तर ड्रायव्हरच्या सीटची पाठ उभी चिरली होती आणि आतला काथ्या बाहेर आला होता. हिरालाल स्वतःच्या गाडीच्या दाराआड होता म्हणून वाचला.

मी तुटलेलं टोक हातात घेतलं. वरून तार चकचकीत होती, आतून गंजून लाल झालेली. आणि तुटलेल्या जागेपासून वीतभर अंतरावर, पिळाच्या खाचेत, हळद अडकलेली होती.

दुसऱ्या दिवशी मी तळेगावला गेलो. रूपराव बायकोच्या, कुंताबाईंच्या, वांग्यांच्या वाफ्यात पाणी धरत होते. मी सगळं सांगितलं. ते खाली बघून ऐकत होते.

“कोणाले लागलं का?” त्यांनी विचारलं.

“नाई.”

“मंग झालं.”

“मी मालकाशी बोलतो, रूपरावजी. तुम्हाले परत—”

“नको. आता हात कापते माहा.” आणि त्यांनी पाणी दुसऱ्या सरीत वळवलं. माफी मागायला गेलो होतो, ती न मागताच परत आलो. मला माझी फार लाज वाटली.

पुढच्या वर्षी खांदमळणीच्या दिवशी आईने लोणी-हळद गरम केली, पळसाचं पान घेतलं आणि गोठ्याकडे न जाता दुरुस्त केलेल्या ट्रकमध्ये येऊन बसली. “तळेगावले चाल,” म्हणाली.

रूपराव ओसरीवर खाटेवर बसले होते. आई त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. पान हळदीत बुडवलं आणि फक्त बैलांनाच म्हणतात ते शब्द म्हणाली, “आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.”

माणसाला बैल म्हटलं, आता हा माणूस काय म्हणेल?

रूपरावांनी गळ्याचं बटण उघडलं, सदरा खांद्यावरून सरकवला आणि मान खाली केली.