दुपारी तीनचं मैदान

आकाश निळंशार दिसलं की हल्ली माझं डोकं फिरतं. मी नागपूरची, उन्हाचं कौतुक मला कोणी सांगू नये. पण बेंगळुरूजवळच्या होसकोट्याचं हे मार्चमधलं स्वच्छ, चकचकीत ऊन पाहून सोसायटीतले लोक 'आज काय फ्रेश वाटतंय' म्हणतात, तेव्हा एकेकाला धरून सुखदाच्या छातीला कान लावायला लावावा असं वाटतं.

सुखदा माझी मुलगी, तेरा वर्षांची. पंधराशे मीटर पळते आणि फार सुंदर पळते. गेल्या वर्षी जिल्ह्यात दुसरी आली. यंदा पहिलंच यायचं, असं तिनं आणि तिच्या पीटी टीचरनं, शिवलीलानं, ठरवून टाकलं होतं. मग जानेवारीपासून शेवटच्या फेरीत तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. मी तिला मल्लेश्वरमला डॉक्टर पद्मनाभांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, तोंडात मारायचा पंप लिहून दिला आणि विचारलं, "ही पळते किती वाजता?"

"तीनला. शाळा सुटल्यावर."

"मग आधी ती वेळ बदला," ते म्हणाले.

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. धूर दिसतो, धूळ दिसते, ओझोन दिसत नाही. पेट्रोलची उडालेली वाफ, गाड्यांच्या धुरातला वायू आणि डोक्यावर कडक ऊन, या तिघांचं जमलं की तो दुपारी हवेत तयार होतो. शाळेत आपण घोकलेला ओझोनचा थर तो वर, आकाशात. तिथे तो आपला रक्षणकर्ता. तोच खाली नाकातोंडात गेला की श्वासनळ्यांना आतून सूज आणतो. आणि पळणारं पोर बसलेल्या माणसाच्या कितीतरी पट हवा ओढून घेतं. आभाळ जितकं स्वच्छ, तितका दुपारी धोका जास्त.

वाफ कुठून येते ते मला पक्कं ठाऊक होतं. शाळेच्या भिंतीला लागून पेट्रोल-डिझेलचा डेपो आहे. दिवसभर टँकर येतात, भरतात, जातात. भरताना सुटणारी वाफ पकडायचं एक यंत्र तिथे आहे, ते दिवाळीपासून बंद आहे, आणि टँकर मात्र बंद नाहीत. वास आमच्या चौथ्या मजल्यापर्यंत येतो. शाळेचं मैदानही डेपोचंच, समाजसेवा म्हणून वापरायला दिलेलं. सकाळी तिथे डेपोचे साहेब लोक क्रिकेट खेळतात, म्हणून मुलींच्या वाट्याला दुपारचे तीन.

मी हे सगळं शिवलीलाला सांगितलं. ती सीमेवरच्या अथणीची. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि रागावली की दोन्ही. म्हणाली, "अक्का, तरीच. आणि तीन पोरी तशाच खोकतेत. मी त्यांना आळशी समजून रागं भरत होते की हो." पुढच्या शनिवारी पालकसभा होती. माझी ऑफिसची मीटिंग होती, मी गेले नाही. मैदान त्यांचं म्हणून डेपोचे साहेबही सभेला बोलावलेले होते. ती सभेत उभी राहिली आणि बोलली.

रविवारी तिचा फोन आला, आवाज रडका. "अक्का, मी साहेबांना शिवी दिली म्हणून त्यांनी तक्रार केलीय. सोमवारी माफी मागायची, नाहीतर नोकरी नाही, म्हणतेत देवाप्पा सर."

"दिलीस का?"

"आमच्यात मोठ्या माणसाला शिवी देतेत काय? वेळ बदला म्हटलं, मशीन दुरुस्त करा म्हटलं. एवढंच."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. साहेब म्हणजे डेपोचे मॅनेजर पुरुषोत्तम. पुण्याचे, आमच्या मराठी मंडळाचे उपाध्यक्ष, संक्रांतीला घरोघरी तिळगूळ वाटणारे. अकरा वर्षं इथे राहून कन्नडमध्ये त्यांना 'गोत्तिल्ल' एवढंच येतं, म्हणजे 'माहीत नाही'. सोमवारी मी रजा टाकून शिवलीलाबरोबर मुख्याध्यापकांच्या, म्हणजे देवाप्पा सरांच्या, खोलीत जाऊन बसले.

पुरुषोत्तम मला पाहून खुशच झाले. आपलं माणूस आलं, असं त्यांना वाटलं असावं.

"काय शिवी दिली हिनं तुम्हाला?" मी विचारलं.

"संध्याताई, आता बायकांसमोर काय सांगू."

"सांगा. मी नागपूरची आहे, सगळ्या ऐकल्यात."

"शब्द नाही कळले हो. पण माझ्याकडे बोट करून 'निम्म गाली, निम्म गाली' चाललं होतं. भर सभेत. गाली म्हणजे काय एवढं तर मलाही कळतं."

मी शिवलीलाकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, कारण हाच खड्डा माझ्याही पायाखाली येऊन गेला होता. बेंगळुरूतल्या माझ्या पहिल्याच आठवड्यात कोरमंगल्यात स्कूटीचं चाक बसलं. पंक्चरवाल्यानं नम्रपणे विचारलं, "गाळी बेका, मेडम?" शिव्या हव्यात का म्हणून विचारतो म्हणजे काय? मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. बिचाऱ्याच्या हातात हवा भरायची नळी होती.

"पुरुषोत्तमराव," मी म्हटलं, "गाळी म्हणजे कन्नडमध्ये हवा. निम्म गाळी म्हणजे तुमची हवा. ती तुमच्या डेपोच्या हवेबद्दल बोलत होती."

मग पुरुषोत्तम जे हसले, ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अरे देवा. आणि मी दोन रात्री झोपलो नाही हो." त्यांनी चक्क शिवलीलासमोर हात जोडले. सुटकेनं तीही हसली. चहा आला. देवाप्पा सर सगळ्यांच्या नंतर हसले, आणि ते मला खुपलं. देवाप्पा सर इथलेच, कन्नडच. त्या सभेत ते पहिल्या रांगेत बसले होते. गाळी म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. पण शिवीचं प्रकरण माफीवर मिटतं, हवेचं मिटत नाही, म्हणून त्यांनी शिवीच चालू दिली होती. आता तर माफीचीही गरज उरली नव्हती. सुंठीवाचून खोकला गेला, असा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता. खोकला माझ्या घरात होता.

"बरं," मी कप खाली ठेवून म्हटलं, "गैरसमज मिटला. आता हवेचं बोला."

"संध्याताई, खरं सांगू? आमच्या डेपोच्या एकाही नळीतून ओझोन बाहेर पडत नाही. हवं तर मोजायला माणूस आणा."

ते खोटं बोलत नव्हते, आणि संताप याचाच होता. "दूध तुमचं," मी म्हटलं, "विरजण हायवेवरच्या गाड्यांचं, ऊब उन्हाची. दही लागल्यावर म्हणता, आमच्या घरून तर दूधच गेलं होतं. वाफ कोणाची आहे?"

"पार्ट मागवलाय. बाहेरून यायचाय. वेळ लागतो."

"मग तोवर सकाळचं मैदान मुलींना द्या. तुमचं क्रिकेट दुपारी तीनला खेळा."

"दुपारी?" पुरुषोत्तम म्हणाले. "अहो, या उन्हात?"

मला वाटलं, आपण काय बोललो ते आता त्यांचं त्यांनाच ऐकू येईल. नाही आलं. देवाप्पा सर मध्ये पडले, "मेडम, स्वल्प समजून घ्या. मैदान त्यांचं आहे. आता विषय मिटला." शिवलीला खाली बघत होती. तिला नोकरीची किती गरज आहे ते मला माहीत आहे, म्हणून मी तिला हाताला धरून बाहेर आणलं आणि गप्प का बसलीस म्हणून तिच्यावर ओरडले नाही.

पण ती माझ्यापेक्षा खमकी निघाली. दुसऱ्या दिवशी तीन वाजता तिनं मुलींना मैदानावर नेलंच नाही. हॉलमध्ये दोरीवरच्या उड्या घेतल्या. त्यानंतरही तेच. देवाप्पा सरांनी विचारलं तर म्हणाली, सकाळचं मैदान द्या, मी पहाटे येते. आठवडा संपायच्या आत तिला सांगण्यात आलं की तिचा करार पुढे वाढणार नाही. शिवी दिली असती तर माफी मागून सुटली असती. हवेबद्दल बोलण्याला माफी नव्हती.

नवे सर आले आणि तीनचा सराव पुन्हा सुरू झाला. मी सुखदाला पाठवलं नाही. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जेवणाचं ताट तसंच ठेवून उठली. जिल्ह्याच्या स्पर्धा पंधरवड्यावर होत्या. मी तिला डॉक्टरांचं सगळं पुन्हा सांगितलं, दुधाचं, विरजणाचं, यंत्राचं. तिनं ऐकून घेतलं. मग खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. बंद काचेतून मैदान स्पष्ट दिसतं. आभाळ निळंशार होतं, भिंतीपलीकडे टँकरांची रांग होती, आणि पिवळ्या बनियनमधल्या मुली फेऱ्या मारत होत्या.

"आई," ती म्हणाली, "मी घरात आहे. मग त्या का पळतायत?"

मी लॅपटॉप बंद केला, पायात चपला घातल्या आणि खाली उतरले. शाळेच्या वॉचमननं ओळखीचं हसून आत सोडलं. मी सरळ मैदानात गेले आणि पहिल्या लेनच्या बरोबर मध्ये, उन्हात, मांडी घालून बसले. मुली येऊन थांबल्या, एक जण गुडघ्यांवर हात टेकून खोकत होती. नव्या सरांनी शिट्टी मारली.

"मेडम, बाजूला व्हा."

"नाही होत," मी म्हटलं. "साहेबांना बोलवा. त्यांना म्हणावं, तीन वाजलेत, मैदानावर या."