दामलेकाकांची दोन बोटं

दामलेकाका कधी उजेडाकडे तोंड करून बसत नसत. लंडनजवळच्या पिनरमधल्या त्यांच्या घरात, पुढच्या खोलीत, हिवाळ्यातलं पातळ ताकासारखं ऊन जाळीच्या पडद्यातून आत झिरपायचं, आणि काका खिडकीला पाठ करून अशा बेतानं बसायचे की ते ऊन समोरच्याच्या चेहऱ्यावर पडावं. सारा जन्म लोकांच्या डोळ्यांत डोकावण्यात गेलेला; निवृत्त झाले तरी खोड सुटली नव्हती. ते आपल्याकडे पाहताहेत असं वाटायचंच नाही, आपल्या बुबुळाच्या आत कोण राहतं याची चौकशी चाललीय असं वाटायचं. मला सुरुवातीला त्याचा रागच यायचा.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी वॉटफर्डला एका हॉस्पिटलात मेडिकल सेक्रेटरी होते, आणि शनिवारी दुपारी काकांचं पुस्तक टाइप करून द्यायला जायचे. पुस्तक एका इंग्रज नेत्रवैद्याचं चरित्र होतं. एकोणिसाव्या शतकात हा माणूस पलटणीबरोबर दख्खनेत उतरला, छोट्याशा आरशानं जिवंत डोळ्याच्या आत उजेड पाडून बघायला शिकला, आणि मोतीबिंदू सुईनं मागे ढकलून देण्याची जुनी रीत मोडून तो मुळातून काढायला त्यानं आमच्याकडच्या पोरांना शिकवलं. काका त्याला ‘आमचा म्हातारा’ म्हणायचे. मनोरमाकाकू गेल्यानंतर त्या रिकाम्या घरात दुसरं माणूस म्हणून हा म्हाताराच तेवढा वावरत होता. मी चेष्टेनं म्हणायचे, काका, त्याच्यासाठीही एक कप चहा टाकू का? तर म्हणायचे, टाक, साखर कमी घाल.

काकांचे हात मात्र बघत राहावे असे होते. लांब, गोरे, नखं मुळाशी कापलेली, आणि इतके स्थिर की चहाचा काठोकाठ भरलेला कप उचलताना वरची सायसुद्धा हलू नये. त्या हातांची एक लकब होती. ऑपरेशननंतर पट्टी सोडली की काका उजवा हात रोग्याच्या समोर धरून दोन बोटं दाखवत आणि हलकेच विचारत, ‘किती?’ नेहमी दोनच. त्यांचे गुरू दोन दाखवायचे, गुरूंचे गुरू दोन दाखवायचे, आणि ही परंपरा थेट म्हाताऱ्यापर्यंत जाऊन पोचते, हे सांगताना काकांच्या आवाजात घराण्याचा गवई बोलायचा. इथल्या हॉस्पिटलात अक्षरांचे तक्ते होते, तिथे ती नुसती मायेची रीत. पण दर हिवाळ्यात काका रजा काढून वाईला जात आणि शाळेच्या वर्गांत खाटा मांडून शिबिर घेत, तिथे तक्ता वाचणार कोण? तिथे दोन बोटं हाच निकाल होता.

त्याच शिबिरात, एका वर्षी, त्यांनी स्वतःच्या आईचा डोळा केला होता. दुसरा आधीच गेलेला. म्हणजे होतं नव्हतं ते सगळं त्या एका डोळ्यावर. पट्टी सुटली, काकांनी बोटं धरली आणि आई म्हणाली, ‘दोन.’ दुसऱ्या दिवशी ते विमानात बसले. ही गोष्ट मी निदान दहादा ऐकली असेन, आणि दर वेळी काकांचा चेहरा देवघरात समई लावल्यासारखा उजळायचा. पुस्तकाची अर्पणपत्रिका मी पहिल्याच शनिवारी टाइप केली होती. ती आईला होती.

मग फेब्रुवारीत, बर्फ पडून चिखल झालेल्या एका शनिवारी, खोकं आलं. म्हाताऱ्याच्या पणतीनं माळा आवरताना सापडलेली त्याची रुग्णवह्यांची चळत काकांच्या नावे पाठवून दिली होती. चामड्याच्या बांधणीला कुबट, दमट वास. काका लग्नघरातल्या यजमानासारखे खूश होते. मी टाइप करत होते आणि ते वाचता वाचता मधूनच ‘वा’ म्हणत होते. शेवटच्या वहीवर ते ‘वा’ थांबलं. मी मान वळवली. काका उजेडाकडे तोंड करून उभे होते, आणि त्यांच्या हातातली वही थरथरत होती.

पानाच्या कडेला म्हाताऱ्यानं, बहुधा परतीच्या बोटीवर, बारीक अक्षरात एक कबुली लिहून ठेवली होती. नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात त्याच्या कंपाउंडरनं त्याला सांगितलं होतं, की ओसरीवर पट्टी बांधून बसलेली माणसं एकमेकांना पढवून ठेवतात: साहेब विचारील किती, तर दोन म्हणायचं, साहेबाचं मन मोडायचं नाही. आपण बरे केलेल्यांपैकी खरोखर कितीजणांना दिसत होतं ते आता कधीच कळणार नाही, असं लिहून म्हाताऱ्यानं वही मिटली होती. त्याच्या छापलेल्या निबंधांत यातलं अवाक्षर नव्हतं. मी सुन्न झाले. मेल्याला लिहायचं धैर्य होतं, मग सांगायचं का नव्हतं? एका ओळीनं पुढच्या चार पिढ्यांच्या डॉक्टरांची फसगत टळली असती.

काकांना मात्र म्हाताऱ्याचं काही पडलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, की आईची खाट रांगेत शेवटची होती. तिच्या आधी सगळ्यांनी मोठ्यानं ‘दोन’ म्हटलं होतं. पुढच्या हिवाळ्यात, ती जायच्या आधी शेवटचे, ते चार दिवस घरी राहिले, तेव्हा ती जाड भिंगांचा चष्मा लावून घरभर फिरत होती, फुलवाती वळत होती. त्यांनी टॉर्च काढला तर हात धरून म्हणाली होती, आलायस चार दिवस, डॉक्टरकी तिकडेच ठेव. आणि काका हसून टॉर्च खिशात ठेवून मोकळे झाले होते.

पुण्याला त्यांची धाकटी बहीण होती, माई. काकांनी तिथल्या तिथे फोन लावला. मी उठून जायला हवं होतं, पण बसून राहिले.

‘माई, आईला दिसत होतं का गं?’

समुद्राखालच्या तारेची खरखर मला टेबलापाशीही ऐकू आली. मग माईंचा आवाज आला, म्हातारा, बारीक.

‘नाही रे दादा. एक दिवससुद्धा नाही.’

का सांगितलं नाहीस, असं काकांनी विचारलं की नुसते ओठ हलले, मला कळलं नाही. माईंनी उत्तर दिलं ते मात्र कळलं.

‘तिनं शपथ घातली होती. म्हणाली, त्याला कळलं तर त्याचा हात थरथरेल, आणि उद्या दुसऱ्याच्या आईचं कसं करील तो?’

काकांनी रिसीव्हर ठेवला नाही, तो मी त्यांच्या हातातून घेऊन ठेवला. ते रडले नाहीत; रडले असते तर बरं झालं असतं. मग त्यांनी मला टाइपरायटरला नवा कागद लावायला सांगितला आणि म्हाताऱ्याची कबुली पुस्तकात शब्दशः घातली. तिच्याखाली वाईची एक वृद्धा, तिचा एकुलता एक डोळा आणि तिचा शस्त्रवैद्य, सगळं स्वतःच्या नावानिशी. त्यांच्या मित्रांनी खूप समजावलं, कशाला हात दाखवून अवलक्षण, म्हणाले. काकांनी एक अक्षर बदललं नाही.

पुस्तक निघालं, फारसं कुणी वाचलं नाही. नव्वदच्या दशकात एका वसंतात काका गेले. त्या वह्या माझ्याकडे आहेत. त्यांतली नावं मी कधी कधी वाचते, कुणी सखू, कुणी रामा, प्रत्येकापुढे ‘बरा’, ‘बरी’. गेलेल्या माणसाची आठवण काळाबरोबर फिकी होते म्हणतात, होतही असेल. पण तो होता तेव्हा त्याला जे विचारायचं आपण सोयीनं टाळलं, ते मात्र दर वर्षी अधिकच लख्ख होत जातं, आणि उत्तर द्यायला घरात कुणी उरलेलं नसतं.