हिने घातलेली घडी

तंबू माळ्यावर होता. ही गेल्यावर मुलीने हिचं कपाट आवरलं, साड्या वाटल्या. तंबूच्या पिशवीला मात्र कुणाला हात लावू दिला नाही. त्यातली घडी हिने घातलेली होती, शेवटची. एकदा मोडली की गेली.

उन्हाळा लागल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, तळ्यावर जाऊ या."

डोंगरावरच्या त्या उद्यानात आम्ही तिघं दरवर्षी जायचो. तळ्याच्या काठाला तंबू लावायची सोय आहे.

"जाऊ. पण तंबू तिथलाच भाड्याने घेऊ."

"घरचा असताना?"

"जुना झालाय."

तिने पिशवी माळ्यावरून काढली आणि गाडीत टाकली. अगदी आईवर गेली आहे.

फाटकावरचा रखवालदार आम्हाला ओळखतो. त्याला मी हळूच भाड्याच्या तंबूचं विचारलं.

"सकाळीच संपले, काका. आणि गाडीतला तो काय लोणचं घालायला आणलाय?"

काठावर मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो. मुलगी खुंट्या काढत होती.

"सोडा ना नाडी."

"घडी तिची आहे गं."

ती माझ्याशेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "बाबा, मागच्या वेळी निघताना पाऊस होता."

एवढंच म्हणाली. ओला तंबू घरी नेला की आधी वाळत घालायचा असतो. ते काम माझं. पण घरी पोचलो तो हिला ताप भरला, आणि मग दवाखानाच सुरू झाला. तंबू तसाच राहिला.

मी नाडी सोडली. कुबट वास आला. पदर एकमेकांना चिकटले होते, एका कोपऱ्यावर काळे ठिपके पडले होते. मी ते पदर हाताने सोडवले. घडी मोडतेय हे तेव्हा लक्षातही आलं नाही, कापड फाटू नये एवढंच बघत होतो.

नळावर आम्ही तो मऊ ब्रशने धुतला आणि दोन झाडांमध्ये दोरी बांधून वर पसरला. वाळेपर्यंत दुपार कलली.

आमच्यात आतून काठी ही धरायची आणि बाहेरून दोऱ्या मी ओढायचो. आता आत मुलगी शिरली. जरा वेळाने आतून आवाज आला, "अहो बाबा, ओढा की! जेवलात ना?"

हिचंच वाक्य, त्याच चढ्या सुरात. मी जोर लावून ओढलं.

सकाळी दव सुकल्यावर घडी घालायला घेतली.

"आई आधी दारं आत घ्यायची."

"छे, आधी मधोमध दुमडायची."

"तुम्ही कधी बघितलं? तुम्ही तर चहा पीत बसायचात."

ते खरंच होतं. दोनदा घातली, दोनदा उलगडली. शेवटी मुलगी गुडघ्यांनी दाबत बसली आणि मी गुंडाळत गेलो. पिशवीचं तोंड काही मिटेना, एक टोक बाहेरच राहिलं.

रखवालदार फाटकावर हसला. "काका, पळून चाललात की काय घरातून?"

घरी आलो. मुलगी म्हणाली, "दमला असाल, चहा टाकते."

"टाक," म्हटलं, आणि पिशवी घेऊन आधी गच्चीवर गेलो. तंबू सोडला आणि दोरीवर वाळत घातला. काळे ठिपके काही गेले नव्हते. कोपरे ताणून चिमटे लावले, मग खाली आलो.