घरभेदी

मोबाइलच्या काळ्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली आणि वहिनी दचकली.

'या डावात घरभेदी तुम्ही.'

तिनं फोन पटकन उलटा ठेवला. मग तिचं तिलाच हसू आलं. रक्त घ्यायच्या त्या खोलीत लपवायचं तरी कोणापासून? रुग्णाची खुर्ची रिकामी होती, नळ्या आपापल्या स्टँडमध्ये उभ्या होत्या, आणि दाराबाहेरच्या बाकावर एकच आडदांड गृहस्थ पेपर वाचत बसला होता. रविवारी चारनंतर या लॅबमध्ये चिटपाखरू फिरकत नसे. म्हणून तर रविवारची ड्यूटी तिनं मागून घेतली होती.

सासरे गेल्यावर घर चार गावांत पांगलं. वर्षाकाठी एकदा भेट, तीही कोणाच्या तरी आजारपणात. सात महिन्यांपूर्वी धाकट्या जावेनं हा खेळ शोधून काढला आणि सगळ्यांच्या फोनवर चढवला. त्याचं इंग्रजी नाव सासूबाईंच्या तोंडी बसेना, तेव्हा त्यांनीच त्याचं बारसं केलं: घरभेदी. सहा जण खेळणारे. त्यांतला एक घरभेदी, आणि तो कोण हे खेळ फक्त त्यालाच सांगतो. दिवे गेले, की घरभेद्यानं गुपचूप एकाला उडवायचं. दिवे आले, की उरलेल्यांनी दोन मिनिटं भांडायचं आणि मतं टाकून एकाला घराबाहेर काढायचं. घरभेदी सापडला तर घर जिंकलं. शेवटच्या दोघांत तो टिकला, तर तो जिंकला. उडवलेल्यांना नि काढलेल्यांना पुढचं सगळं ऐकू येतं, फक्त बोलता येत नाही.

सात महिन्यांत वहिनीच्या वाट्याला घरभेदीपण एकदाही आलं नव्हतं. पण आठवडाभर नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवताना तिच्या डोक्यात हाच खेळ चाललेला असे. कोण कसं मत देतो, हे तिला पाठ झालं होतं. दीर सगळ्यांत आधी ओरडतो आणि मग माघार घेणं त्याला कमीपणाचं वाटतं. नवरा शेवटपर्यंत थांबून बहुमताच्या मागे जातो. नणंद जो हसेल त्याच्यावर संशय घेते. आणि सासूबाई ज्यानं त्या आठवड्यात फोन केला नाही, त्याला बिनदिक्कत घराबाहेर काढतात.

दिवे गेले. वहिनीनं क्षणाचाही विचार न करता नवऱ्याला उडवलं. सव्वीस वर्षांच्या संसारात तिचा आवाज जरा कुठे घशात अडकला की ओळखणारा तो एकटाच होता.

दिवे आले आणि एका कानातल्या इअरफोनमध्ये दिराचा आवाज फुटला. "दादा गेला! वहिनी, बोल! नवऱ्याला बायकोशिवाय कोण उडवणार?"

तेवढ्यात दार ढकलून तो बाहेरचा गृहस्थ आत आला. दंड खांबासारखे, चेहरा मात्र पांढराफटक. "मॅडम, घेताय ना? का उद्या येऊ?"

"बसा, बसा. मूठ आवळा."

"कोणाला सांगतेस मूठ आवळायला?" दीर.

"पेशंटला, भाऊजी. सगळे तुमच्यासारखे रिकामे नसतात."

सासूबाई खळखळून हसल्या. वहिनीनं पट्टा आवळला, कापसानं जागा पुसली. गृहस्थानं डोळे घट्ट मिटले होते. असल्या माणसांचं औषध तिला ठाऊक होतं. सुईकडे लक्ष गेलं की माणूस आखडतो. त्याला दुसरीकडे बोलतं करायचं.

"काम काय करता आपण?"

"टायरचं. ट्रकचे मोठे टायर काढायचे, घालायचे."

"सगळ्यांत अवघड कुठला असतो?"

"आतला. मागच्या जोडीतला आतला. बाहेरचा चांगला दिसतो हो, पण आतला बसलेला असला तर..." तो रंगात आला, आणि नळी भरलीसुद्धा. "झालं?" त्यानं डोळे उघडले. "कळलंच नाही की!"

वहिनीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, हेच तर! पंचवीस वर्षं आपण दुसरं करतो काय? तिनं तोंड फोनकडे वळवलं आणि तोच मऊ, काळजीचा सूर लावला.

"अगं, तू का गप्प आज?" हे धाकट्या जावेला. "बरं नाही का? मागच्या डावात तर कोणाला बोलू देत नव्हतीस."

"मी? नाही हो ताई, मी कपडे वाळत घालतेय..."

"आत्ता? चार वाजता?" दीर लगेच वळला. "सकाळी तर म्हणालीस, आज मशीन लावणार नाही!"

"मग लावली!"

"मला सांगायचं ना!"

"तुम्हाला मशीन लावायचंही विचारून लावू?"

"बघा, आवाज चढला!" नणंद म्हणाली. ती फार बोलत नसे, पण बोलली की तिचं ऐकलं जाई. "वहिनी, तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय कळतंय, वन्सं. तुम्ही म्हणाल तसं."

दोन मिनिटं भरली. दिरानं स्वतःच्या बायकोला घराबाहेर काढलं, नणंदेनं री ओढली, सासूबाईंनीही तिच्यावरच शिक्का मारला. पडद्यावर पाटी आली: 'ही व्यक्ती निर्दोष होती.' "मेलो आता!" दीर ओरडला.

"कोणाला काढलं?" टायरवाल्यानं कोपराच्या खळग्यात कापूस दाबत विचारलं. त्याचा चेहरा आता माणसात आला होता.

"एका बिचारीला. काही केलं नव्हतं तिनं."

"आणि केलेलं कोणी?"

वहिनीनं माईक बंद असल्याची खात्री केली. "मी," ती म्हणाली, आणि तिच्या गालावर शाळकरी मुलीसारखी लाली चढली.

टायरवाला परत खुर्चीत बसला. "मग मी नाही जात. शेवट बघूनच जाणार."

पुन्हा दिवे गेले. आता पडद्यावर तिच्याशिवाय फोटोंचे तीन गोल उरले होते: सासूबाई, दीर, नणंद. दिराला ठेवायलाच हवं. तो ओरडतो, आणि ओरडणाऱ्यावर संशय वळवणं सोपं. सासूबाईंना तिनं बुधवारीही फोन केला होता आणि शुक्रवारीही. म्हणजे नणंद. तिचा अंगठा नणंदेच्या गोलापर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

नणंदेला आपण घरभेदी वाटणं वहिनीला नवीन नव्हतं.

लग्नाला वर्ष होत होतं तेव्हाची गोष्ट. नणंद वीस वर्षांची. छापखान्यात अक्षरं जुळवणाऱ्या एका मुलाशी तिचं जमलं होतं, आणि ते घरात फक्त वहिनीला ठाऊक होतं. एके दिवशी त्याचं पत्र सासऱ्यांच्या हातात पडलं. ते त्यांच्या वाटेत कोणी ठेवलं, म्हणून घर डोक्यावर घेतलं गेलं, तेव्हा पंधरा वर्षांचा दीर म्हणाला, "वहिनीनं ठेवलं. मी पाहिलं." नणंदेचं बाहेर जाणं बंद झालं. तो मुलगा काही महिने थांबला आणि गाव सोडून गेला. पुढे नणंदेचं लग्न झालं, संसार झाला, दोन मुली झाल्या. ते पत्र पुन्हा कोणी काढलं नाही. घरात अशा गोष्टी मिटत नाहीत, नुसत्या त्यांच्यावर सतरंजी पडते.

पाच सेकंद उरले. वहिनीनं अंगठा टेकला.

दिवे आले तेव्हा तिघंच होते, आणि हे शेवटचं मत होतं. चुकीचा माणूस बाहेर गेला की घर हरलं.

"आई, ऐक," दीर घाईघाईनं म्हणाला. "मी नाही. तू तर नाहीसच. मग उरलं कोण? वहिनी!"

"तू नाहीस हे मी कशावरून मानू?"

"अगं, मी सांगतोय ना!"

"आई," वहिनी हळूच म्हणाली, "भाऊजींनी मगाशी स्वतःच्या बायकोला काढलं. ती निर्दोष निघाली. घाई त्यांनाच होती, एवढंच मी म्हणते."

"बघ, बघ कशी गोड बोलतेय! आई, तीच आहे. मी पैजेवर सांगतो. मला दिसतंय!"

"काय दिसतंय तुला?" सासूबाईंचा आवाज एकाएकी बदलला. त्यात खेळ उरला नव्हता. "त्या पत्राच्या वेळीसुद्धा तू हेच म्हणालास. मी पाहिलं, वहिनीनंच ठेवलं. तेव्हा मी तुझं ऐकलं. तिथं चुकले मी."

पडद्यावर आकडे पडत होते. एकवीस. वीस. एकोणीस.

"आई, त्याचा इथं काय संबंध?" दीर म्हणाला.

तो नाही म्हणाला नाही. सगळ्यांनी ते ऐकलं. उडवलेल्या नवऱ्यानं ऐकलं, काढलेल्या जावेनं ऐकलं, आणि वहिनीनं नुकतंच जिला गप्प केलं होतं त्या नणंदेनंही ऐकलं.

"ती नाही असं करायची," सासूबाई म्हणाल्या. "मी माझ्या सुनेला ओळखते."

वहिनीचे कान तापले. पंचवीस वर्षं हे वाक्य तिनं किती तऱ्हांनी मनात ऐकलं होतं. स्वयंपाकघरात, आजाऱ्याच्या उशाशी, कोणाच्या तरी लग्नातल्या गर्दीत. आणि ते आलं कधी, तर या एकाच दिवशी, जेव्हा ती खरोखरच दोषी होती! सांगून टाकावं का? आई, मीच आहे.

सहा. पाच.

"दाबा की!" टायरवाला खुर्चीतून अर्धा उठला होता.

तिनं दिराच्या गोलावर बोट दाबलं. दोन विरुद्ध एक. पडदा लालभडक झाला: 'घरभेदी जिंकला.' आणि खाली तिचा फोटो.

"जिंकले!" ती ओरडली, आणि त्या आडदांड गृहस्थानं एका हातानं टेबलावर अशी थाप मारली, की नळ्या किणकिणल्या.

डाव संपला की सगळ्यांचे माईक आपोआप उघडतात. एरवी त्या वेळी नुसता कल्लोळ असतो. आज एकच आवाज आला.

"म्हणजे तूच होतीस होय गं?" सासूबाई म्हणाल्या.

"हो, आई."

"अगं बया! आणि तुझ्यापायी मी पोटच्या पोराला घराबाहेर काढलं!" त्यांना हसू आवरेना. मग नवरा हसला, जाऊ हसली. "मला पहिल्याच फेरीत उडवलंस," नवरा म्हणाला, "संध्याकाळी घरी ये, बघतो."

"वहिनी," नणंद म्हणाली. हसणं थांबलं. "तू तेव्हा बोलली का नाहीस?"

त्या पत्रानंतर नणंद तिला अहो-जाहो करू लागली होती. लोकांना तो मान वाटे.

"बोलले होते, वन्सं," वहिनी म्हणाली. "दोनदा."

तेवढ्यात दिराचा गोल विझला. तो खेळातून बाहेर पडला होता.

टायरवाल्याला अर्धंच ऐकू आलं होतं, पण त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पेपरची घडी घातली. "जिंकलात ना?"

"जिंकले."

"मग झालं तर," असं म्हणत तो दार अलगद लावून गेला.

टेबलावरचा लॅबचा फोन वाजला. दीर होता. वहिनीनं मोबाइलचा माईक बंद केला.

"वहिनी." ड्रायव्हिंग शिकवणारा माणूस, दिवसभर लोकांवर ओरडायचं काम, पण आवाज अगदी खोल गेलेला. "ते पत्र माझ्या दप्तरातून पडलं आणि बाबांना सापडलं. मी ताईला चिडवायला लपवलं होतं फक्त. त्यांनी हात उगारला आणि... कोणाचं तरी नाव घ्यायलाच हवं होतं. मी पंधरा वर्षांचा होतो, वहिनी."

"ठाऊक आहे, भाऊजी," ती म्हणाली. "मी तेवीस वर्षांची होते."

तिला राग आला नव्हता; फक्त हे वाक्य आता परत घ्यायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं.

"आई काय करतेय?" त्यानं विचारलं.

"मगाशी हसत होत्या."

"आणि ताई?"

वहिनीनं मोबाइलकडे पाहिलं. "आहेत."

पडद्यावर पाच गोल उजळलेले होते आणि सहावी जागा रिकामी होती. पुढचा डाव सुरू करायचं बटण खाली लुकलुकत होतं, आणि ते कोणीच दाबत नव्हतं.